भुताचे हिट पॉइंट

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या गोष्टींच्या खेळात, त्याच्या पाचव्या आवृत्तीत, भुताला ४५ हिट पॉइंट असतात, म्हणजे तेवढा मार बसला की ते संपलं. साध्या तलवारीचा वार त्याला निम्माच लागतो, विष आणि गारठा तर बाधतच नाही, भिंतीतून ते आरपार जातं, आणि त्याचं तोंड बघून ज्याची अगदीच गाळण उडेल त्याचं वय दहा ते चाळीस वर्षांनी वाढतं. याच खेळाच्या १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्येही फासा उलटा पडला तर नुसत्या दर्शनाने दहा वर्षं जायची. हा वयाचा नियम मला मनापासून आवडतो. एका रात्रीत केस पांढरे झालेल्या माणसाची गोष्ट लहानपणी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. विस्कॉन्सिनमधल्या एका छोट्या गावात बसून नियम लिहिणाऱ्यालाही तेच सुचावं, याची गंमत वाटते.

अडचण आहे ती ४५ची. आकडा आला की टेबलावरची हवाच बदलते. "आत्तापर्यंत किती झाले?" "माझे बारा, हिचे नऊ." "म्हणजे अर्धं भूत उरलंय." एकदा हा हिशेब सुरू झाला की खोलीत कितीही अंधार करा, समोर उभं असतं ते भूत नसतं, वाण्याची उधारी असते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एक पात्र असतं आणि ते काय करतं हे तो खेळाडू बोलून सांगतो. उरलेलं सगळं जग, म्हणजे पाऊस, पोलीस, शेजारीण, भूत, एकटा जीएम, म्हणजे गेम मास्टर, चालवतो. काय होईल याची खात्री नसली की फासे टाकायचे. मी हे जीएमचं काम बरीच वर्षं करते आहे, पुण्यात, कुणाच्या ना कुणाच्या हॉलमध्ये. मला भुतांच्याच गोष्टी चालवायला आवडतात, हे आमच्या टोळीने आता निमूटपणे मान्य केलं आहे.

भुताला हिट पॉइंट का मिळाले याचं उत्तर खेळाच्या जन्मात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला तेव्हा दोघंही मुळात युद्धखेळवाले होते. शिशाचे सैनिक टेबलावर मांडायचे, पट्टीने अंतरं मोजायची, कोण किती मार खाऊन उभा राहतो ते बघायचं. त्या सैन्यात मृतात्मे आले तेही शिपाई म्हणूनच. पुरोहिताने हात वर करून त्यांना हाकलायचं, तर कितव्या पायरीच्या पुरोहितापुढे कोणता मृतात्मा पळेल याचा तक्ता. तक्ता बघून भूत पळतं ही कल्पना कुणाही मांत्रिकाला आवडेल, पण त्यात भीती राहत नाही.

पुढे १९८१ साली सँडी पीटरसनचा 'कॉल ऑफ क्थुलू' आला आणि मोजायची गोष्टच बदलली. इथे पात्राला शरीराच्या जोडीला 'सॅनिटी', म्हणजे मनाचा तोल, असते, शंभरातली, आणि ती घसरत जाते. या खेळाच्या आजच्या, म्हणजे सातव्या आवृत्तीत एक नियम आहे, जो मी कुणालाही समजावताना दोनदा वाचून दाखवते. एका फटक्यात पाच किंवा जास्त सॅनिटी गेली तर बुद्धीचा फासा टाकायचा. फासा फसला तर मन ते दृश्य दडपून टाकतं आणि माणूस सावरतो. फासा जमला तर आपण काय पाहिलं हे त्याला कळतं, आणि कळलं म्हणूनच त्याचा तोल जातो. बाकी सगळ्या खेळांत बुद्धी वाचवते, इथे बुद्धी बुडवते. भुताला कसं हाताळावं याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते जवळपास सगळं या एका नियमात बसतं. भुताचं कोडं सुटायला हवं, आणि सुटताना सोडवणाऱ्याचं काहीतरी गेलं पाहिजे.

याच खेळाच्या पुस्तकात अगदी पहिल्या आवृत्तीपासून एक पछाडलेलं घर दिलेलं आहे, बॉस्टनमधलं, १९२०च्या काळातलं. नवे कीपर (या खेळातल्या जीएमला कीपर म्हणतात) बहुधा त्यापासूनच सुरुवात करतात. गोष्ट फोडत नाही. एवढंच सांगते की त्या घरात एक पलंग आहे आणि तो पलंग ज्याने खेळताना अनुभवला आहे त्याच्यासमोर नुसतं 'पलंग' म्हटलं तरी तो हसतो. पण मला विचाराल तर त्या गोष्टीचा जीव घरात नाही, घराबाहेर आहे. वर्तमानपत्राची जुनी फाइल, कोर्टातला दावा, आधीचे भाडेकरू कुठे गेले याची चौकशी. खेळाडू हे सगळं गोळा करून घराच्या पायरीशी येतात तेव्हा आपल्या मनात भूत घेऊनच आलेले असतात. जे सरळ दार फोडून आत घुसतात त्यांना तळघरात फक्त मारामारी मिळते.

म्हणून मेलेल्याची माहिती फाशावर टांगून ठेवायची नाही, हे मी पक्कं केलं आहे. रॉबिन लॉज याची 'गमशू' ही नियमपद्धती नेमकं हेच करते आणि केनेथ हाइटचा २००८चा 'ट्रेल ऑफ क्थुलू' तीवरच उभा आहे. योग्य जागी योग्य कौशल्याचा माणूस गेला की महत्त्वाचा धागा त्याला मिळतोच, फासा टाकायचा नाही. भीती धागा न मिळण्यात नसते. धागा मिळाल्यावर आता याचं करायचं काय, यात असते.

आपल्याकडे भुतांची व्यवस्था याहून फार जुनी आणि फार व्यवहारी आहे. कोकणात भुताला कुणी ठार मारत नाही. त्याच्याशी बोलणं होतं. तू कोण, कुठला, कशासाठी आलास, काय घेऊन जाशील. गाऱ्हाणं घातलं जातं, नारळ ठेवला जातो, शब्द दिला जातो आणि तो पाळावा लागतो. आरवलीच्या वेतोबाला चपलांचे भले थोरले जोड वाहतात, कारण तो रात्री गावावरून फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. वेताळ म्हणजे भुतांचा राजा. त्याची चप्पल झिजते आणि गाव ती बदलून देतो! गोव्यातला देवचारही असाच, सीमेवरचा राखणदार, वाट चुकलेल्याला घरी सोडणारा आणि मान दिला नाही तर रुसणारा. हे सगळं नियमांच्या पुस्तकात उतरवायला बसलं तर हिट पॉइंटचा रकाना रिकामाच राहील. पण 'मान', 'हद्द', 'वेळ', 'अट' असे रकाने भरून वाहतील. माझ्या वहीत प्रत्येक भुताच्या पानावर हेच चार रकाने असतात.

यातला हद्दीचा रकाना मी सगळ्यात आधी भरते. भूत काय करू शकतं हे लिहायला कुणालाही जमतं, तिथे कल्पनेला लगाम नसतो. ते काय करू शकत नाही हे ठरवलं की मग त्याला आकार येतो. मुंजा पिंपळ सोडत नाही. गिऱ्हा पाण्याबाहेर दुबळा. चकवा मारत नाही, फक्त फिरवत राहतो. उंबऱ्याशी थांबणारं भूत उंबरा ओलांडणाऱ्या भुतापेक्षा जास्त घाबरवतं, कारण खेळाडू स्वतःच उंबऱ्याकडे बघत बसतात.

हे मी लिहिते आहे म्हणून केवळ आपलंच कौतुक आहे असं नाही. स्वीडनमधल्या एका कंपनीने २०२० साली 'व्हेसन' नावाचा खेळ काढला, योहान एगेरक्रान्स या चित्रकाराच्या चित्रांवर बेतलेला. एकोणिसाव्या शतकातला उत्तर युरोप, रेल्वे आणि कारखाने नुकते येताहेत, आणि जंगलातली, गोठ्यातली, विहिरीतली जुनी मंडळी बिथरली आहेत. तिथे त्यांच्यावर गोळी झाडता येते, पण त्याने प्रश्न सुटत नाही. प्रत्येकाचं एक गुपित असतं, ते शोधावं लागतं, मग त्याला साजेसा विधी करावा लागतो. मानवी पात्रांनाही हिट पॉइंट नाहीत. दमलेला, घाबरलेला, जखमी अशा अवस्था आहेत. कोकणातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला हा खेळ पाच मिनिटांत समजेल.

त्या मुलखातल्या लोककथांमध्ये 'म्यूलिंग' असतो. बाप्तिस्मा न होता टाकून दिलेल्या तान्ह्या बाळाचं भूत. रात्रीच्या वाटसरूच्या पाठीवर ते उडी मारतं आणि म्हणतं, मला दफनभूमीत नेऊन पूर. माणूस चालू लागतो, आणि दफनभूमी जवळ येईल तसं ते जड होत जातं, इतकं की पाय जमिनीत रुततात. आता आपला मुंजा आठवा. मुंज झालेली, सोडमुंज राहिलेली, मध्येच गेलेला पोरगा. एक अर्धवट राहिलेल्या संस्काराने पिंपळावर अडकला, दुसरा न झालेल्या संस्काराने बर्फात. दोघांनाही कुणाचं वाईट करायचं नाही, कुणीतरी काहीतरी पुरं करायला हवं आहे. म्यूलिंगच्या गोष्टीतलं ते जड होत जाणं मी अनेकदा उचललं आहे. मदत करायला निघालेल्या माणसालाच मदतीचं ओझं झेपेनासं होतं, याहून चांगला नियम मला तरी अजून लिहिता आलेला नाही. टेबलावर मी ते अगदी साधेपणाने करते: प्रत्येक पावलाला फासा, आणि प्रत्येक फाशाला आधीच्यापेक्षा अवघड आकडा. कुणी ना कुणी मध्येच म्हणतंच, "खाली ठेवलं तर?"

मात्र आपल्या भुतांची यादी हाताळताना हात जरा सावध ठेवावा लागतो. मुंजा ब्राह्मणाचा पोरगा, समंध हा वारस नसलेला आणि धनाला चिकटलेला ब्राह्मण, खवीस मुसलमानाचं भूत म्हणून सांगितला जाणारा. अलवंतीण बाळंतपणात गेलेली, हडळ बाई, जखीण बाई, चेटकीण बाईच. यादी सरळ वाचत गेलं तर ज्या समाजाने ती केली त्याचंच जातवार आणि लिंगवार खानेसुमारीचं पान हातात येतं. कुणाला कशाची भीती वाटायची हे त्यात दिसतं, आणि कुणावर काय गुजरलं हेही. बाळंतिणीची भुतं इतकी का, हा प्रश्न भयकथेचा कमी आणि सुइणींचा, दवाखान्यांचा जास्त आहे. म्हणून मी यादीतलं भूत जसंच्या तसं उचलत नाही. उलट्या पायांची हडळ मी आजवर टेबलावर आणलेली नाही, आणणारही नाही. पोरं हसतात, आणि ज्या बाईवर ती बेतली आहे तिच्याबद्दल कुणी काही विचारत नाही.

अंगात येणं हा तर आणखी नाजूक भाग. बहुतेक खेळांत नियम असा की फासा फसला की भूत तुमच्या पात्राचा ताबा घेतं आणि मग तुमचं पात्र जीएम खेळवणार. म्हणजे खेळायला आलेल्या माणसाने मोबाइल बघत बसायचं. मी उलट करते. चिठ्ठी देते: आता तू ती आहेस, तुला अमुक हवं आहे, आणि बाकीच्यांना हे कळू द्यायचं नाही. खेळाडू स्वतःच भूत झाला की तो ज्या चिवटपणे आणि ज्या गोडीने इतरांना फसवतो ते मला एकटीला कधीच जमलं नसतं.

ही युक्ती पूर्णपणे माझी नाही. १९९४च्या 'रेथ: द ऑब्लिव्हियन' या खेळात सगळे खेळाडू भुतंच असतात. जिवंत जगाशी बांधून ठेवणाऱ्या त्यांच्या वस्तू आणि माणसं असतात, आणि मेल्यावरही न विझलेल्या ओढी असतात: मुलीला सांभाळायचं आहे, भावाचा सूड घ्यायचा आहे. शिवाय प्रत्येक भुताच्या आत एक काळी सावली असते, आणि ती सावली शेजारी बसलेला दुसरा खेळाडू बोलतो. तुम्ही काही चांगलं करायला निघालात की शेजारून कुजबुज येते, "कशाला? ती तुला विसरली आहे." ज्याच्याबरोबर आपण रोज डबा खातो त्या मित्राच्या तोंडून हे ऐकण्यात जे आहे ते कुठल्याही स्पीकरवरच्या वाऱ्याच्या आवाजात नाही.

आपल्या वसतिगृहांतलं वाटीचं प्लँचेट आठवतं का? कागदावर अक्षरं, मध्ये उपडी वाटी किंवा नाणं, त्यावर तिघींची बोटं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कुठल्या तरी थोर आत्म्याला विचारलेले पेपरचे प्रश्न. मायकेल फॅरेडेने १८५३ साली असल्याच प्रकाराचा, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या टेबलांचा, छडा लावला होता. हात आणि टेबल यांच्यामध्ये त्याने रुळांवर सरकणाऱ्या फळ्या ठेवल्या. आधी सरकले हात, मग टेबल. ढकलणाऱ्यांना मात्र प्रामाणिकपणे वाटत होतं की आपण ढकलत नाही. माझ्या मते भयाचा रोलप्लेइंग खेळ जमतो तेव्हा टेबलावर हेच चालू असतं. भूत कुणा एकाचं नसतं. जीएम थोडं ढकलतो, घाबरलेला खेळाडू थोडं ढकलतो, विनोद करून वातावरण मोडू बघणाराही नकळत थोडं ढकलतो, आणि वाटी अशा अक्षरावर जाऊन थांबते जे कुणीच ठरवलेलं नव्हतं.

वातावरणनिर्मितीबद्दल मी फार बोलत नाही. 'ड्रेड'मध्ये फाशांऐवजी लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो, तो ज्याच्या हातून पडेल त्याचं पात्र गेलं. 'टेन कँडल्स'मध्ये दहा मेणबत्त्या एकेक करून विझतात आणि शेवटी सगळे मरतात, हे सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक असतं. दोन्ही अप्रतिम, पण दुसऱ्यासाठी पंखा बंद ठेवावा लागतो आणि मे महिन्यात ते जमत नाही. २०१७च्या 'ब्लेड्स इन द डार्क'मधली कल्पना मला जास्त भावते. तिथल्या शहरात मेलेल्यांची जाण्याची वाटच बंद झाली आहे. कुणी मेलं की स्मशानातली घंटा आपोआप वाजते, एक विशिष्ट कावळा प्रेत शोधायला उडतो, आणि त्यामागून मुखवटे घातलेले अधिकारी जातात, कारण वेळेत प्रेताची विल्हेवाट लागली नाही तर तीन दिवसांत भूत मोकळं होईल. थोडक्यात, भूत हा नगरपालिकेचा विषय. कावळ्याचं आपल्याला काही नवल वाटू नये.

भूत उतरवण्याचा प्रसंग. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात, २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यानंतर. त्या कायद्याच्या अनुसूचीतलं पहिलंच कलम भूत उतरवण्याबद्दल आहे: बांधून ठेवणं, काठीने किंवा चाबकाने मारणं, पादत्राणं भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हे कलम कुणाच्या कल्पनेतून आलेलं नाही, लोकांच्या, बहुतांशी बायकांच्या, अंगावर घडलेल्या गोष्टींतून आलं आहे. तेव्हा पछाडलेल्या बाईला मारून भूत काढण्याचं दृश्य मी खेळात रंगवत नाही. खेळ सुरू होण्याआधीच सांगून टाकते. या खेळांमध्ये त्यासाठी रूढ शब्द आहेत: 'लाइन' म्हणजे जिथे जायचंच नाही, 'व्हेल' म्हणजे घडलं असं समजायचं पण पडदा टाकायचा. शिवाय टेबलाच्या मध्यभागी एक कार्ड असतं, कुणालाही काही झेपेनासं झालं तर त्यावर बोट ठेवायचं, कारण विचारायचं नाही. पहिल्यांदा येणाऱ्यांना हे बालिश वाटतं. भीतीच घ्यायला आलोय ना, मग? पण जिथे थांबता येतं तिथेच माणूस पुढे जायला धजावतो. कार्ड असलेल्या टेबलावर आमच्या गोष्टी जास्त काळोख्या झाल्या आहेत, कमी नाही.

खऱ्या मेलेल्यांचा प्रश्न मग येतोच. 'रेथ'साठी १९९७ साली एक पुस्तक निघालं, नाझींच्या छळछावण्यांत मारल्या गेलेल्यांच्या भुतांबद्दल. असं पुस्तक खेळासाठी काढावं का, हा वाद मला रास्त वाटतो. पण ते पुस्तक गंभीरपणे लिहिलेलं आहे. मला हा प्रश्न पडला तो आपल्याच शहरामुळे. 'कॉल ऑफ क्थुलू'चे १८९०च्या दशकासाठी वेगळे नियम आहेत, लंडनच्या धुक्यासाठी केलेले. मला त्या दशकातलं पुणं दिसत होतं. १८९७चा प्लेग. मार्च ते मे सैनिक घरोघर शिरून रोगी शोधत होते, सापडला की इस्पितळ, घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्प, सामानाची होळी, भिंतींना चुना. जूनच्या २२ तारखेला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. सावित्रीबाई फुले त्याच साथीत, रुग्णांची सेवा करताना, १० मार्चला गेल्या. तेव्हा पहिला नियम हा केला की खरं माणूस, थोर असो वा खलनायक, भूत म्हणून टेबलावर येणार नाही. दुसरा हा की भूत दुष्ट नसेल. तिसरा नियम नव्हता, पण खेळता खेळता झाला.

गोष्ट अशी. साल १९०१, एका पेठेतला वाडा, नवं बिऱ्हाड. घरातलं मूल संध्याकाळी नाहीसं होतं आणि सकाळी सापडतं, भिंतीतल्या बळदात, गोधडीत नीट गुंडाळून निजलेलं. अंगावर ओरखडासुद्धा नाही. काही दिवसांनी दुसरं. ते सापडायला दुपार होते. बळदात वारा जात नाही, हे इथे लक्षात येतं. तपासाला आलेली पात्रं: एक निवृत्त कारकून, एक वैद्य, एक मिशनमध्ये शिकलेली शिक्षिका, एक फोटोग्राफर.

त्यांनी सगळं रीतसर केलं. शेजाऱ्यांना विचारलं, नगरपालिकेच्या वह्या पाहिल्या, वाड्यात येऊन-जाऊन नोंदी ठेवल्या. माझ्या वहीतला 'अट' हा रकाना त्यांना ठाऊक नव्हता: दाराची कडी वाजली की ती जागी होते. चार वर्षांपूर्वी कडी वाजली तेव्हा दाराशी सोजीर होते, आणि ती तापाने फणफणलेल्या मुलाला लपवत होती. म्हणून कडी वाजली की घरात जो कुणी खोकत असेल, ज्याचं अंग तापलं असेल, त्याला ती लपवते. तिला माया आहे. ती मेली आहे एवढंच तिला ठाऊक नाही.

फोटोग्राफर झालेला आमचा सॉफ्टवेअरवाला आपल्या नोंदी वरून खाली वाचत होता आणि मध्येच थांबला. "आपण आलो की होतंय." कुणी काही बोललं नाही. "दर वेळी आपण येतो त्या संध्याकाळी होतंय. आपण कडी वाजवतो." वैद्याने मुकाट्याने फासे पुढे ओढले, मी मागायच्या आत. बुद्धीचा फासा जमला, दुर्दैवाने.

मग उपाय. वैद्याने मंत्र म्हटले, काही झालं नाही. कारकुनाने तपासणी बंद झाल्याचा सरकारी कागद मिळवून उंबऱ्यावर ठेवला. तिला वाचता येत नव्हतं. कुणीतरी सोजिराचा वेष घालून आत जायचं सुचवलं आणि शिक्षिकेने (ही खऱ्या आयुष्यात वकील आहे) त्याला असं काही झापलं की तो दहा मिनिटं बोलला नाही. तिनेच मग विचारलं, त्या मुलाचं काय झालं? हा प्रश्न मला हवा होता. मुलगा सापडला होता, कॅम्पमध्ये गेला होता, आणि वाचला होता. तो आता मुंबईत गिरणीत होता, आणि त्या वाड्यात पुन्हा पाऊल टाकायला अजिबात तयार नव्हता.

खेळातला सगळ्यात लांबलेला भाग इथे आला, आणि त्यात भूत कुठेच नव्हतं. चाळीच्या जिन्यात चौघं जण एका जिवंत माणसाची मनधरणी करत होते. फासे बाजूला पडले होते. तो म्हणत होता, मला वाचवायला गेली आणि मेली, आता मी जाऊन तिला काय सांगू? वकीलबाईंकडे याचं उत्तर नव्हतं. कारकून म्हणाला, सांगू नकोस, नुसता घरी ये. कडी न वाजवता.

तो आला. गिरणीतल्या कापसाच्या तुसाने त्याला खोकला होता, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. अंगणात शिरताच तो खोकला आणि चौघंही एकदम माझ्याकडे बघू लागले. पुढचं मी ठरवलेलं नव्हतं. त्यांनी त्याला अडवलं नाही. तो आपल्या पायांनी बळदात जाऊन बसला, रात्रभर, दार किलकिलं ठेवून. दाराच्या फटीत वैद्याने आपली काठी अडकवली आणि उजाडेपर्यंत वारा जाऊ दिला. सकाळी तो बाहेर आला. आत काय झालं ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही त्याच्या तोंडून वदवलं नाही. हाच तो तिसरा नियम: भुताने शेवटी जे सांगितलं ते टेबलावर मोठ्याने बोलायचं नाही.

गोष्ट संपवली की पात्रांना थोडी सॅनिटी परत मिळते, हा खेळाचा रिवाज. त्यावरून भांडण झालं. मी विचारलं, ती गेली असं तुम्हाला वाटतं का? वैद्य म्हणाला, माहीत नाही, म्हणून आम्ही दाराची कडीच काढून टाकली. म्हणजे भूत गेलं नाही, मी म्हटलं, तुम्ही फक्त घंटा काढलीत. वकीलबाई उसळल्या: भाडेकरूंचं संरक्षण झालं, तिलाही कुणी हुसकावलं नाही, यापेक्षा चांगली तडजोड कुठल्या कोर्टात झाली असती? मी निम्मे गुण दिले. सॉफ्टवेअरवाल्याने वाद घातला नाही. त्याने पेन्सिलीने आपल्या पात्राच्या सामानाच्या यादीत लिहिलं, 'लोखंडी कडी, एक', आणि पुढच्या गोष्टीत ती बरोबर नेता येईल ना, असं विचारलं. मी हो म्हणून बसले आहे, आणि ती वाजवली तर काय होईल हे आता मला ठरवायचं आहे.